कुणाला तरी ठाऊक असतंच: क्रीडा व्यवस्थापकांच्या एका प्रशिक्षणाचा अनुभव

क्रीडा व्यवस्थापकांसाठीचं संघटनात्मक बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण पूर्ण करून आल्यापासून सहकारी विचारतात, तिथे नेमकं शिकवतात तरी काय? नाव ऐकून काहींना वाटतं, बुद्ध्यांकाची चाचणी घेत असतील. काहींना वाटतं, संगणकावरच्या आकडेवारीचं काहीतरी असेल. यातलं काहीच नसतं. वेगवेगळ्या माणसांना सुटं सुटं ठाऊक असलेलं सगळ्या संघटनेला वापरता कसं येईल, ते तिथे शिकवतात. मी एका अ‍ॅथलेटिक्स संघटनेचा स्पर्धा विभाग सांभाळते. प्रवेशिका, वेळापत्रक, पंच, स्वयंसेवक, साहित्य हे माझं रोजचं काम. या प्रशिक्षणाने त्या कामात काय बदललं आणि ते कुठे कमी पडलं, हे जरा सविस्तर सांगते.

प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने होतं. काही दिवस एकत्र बसायचं, मग आपापल्या संघटनेत परत जाऊन नेमून दिलेलं काम करायचं आणि त्यातून जे हाती लागेल ते घेऊन पुन्हा जमायचं. ही रचना मला फार मोलाची वाटली, कारण नुसतं वर्गात ऐकून यातलं काहीच अंगवळणी पडलं नसतं. आमच्या तुकडीत जलतरण तलावाचे व्यवस्थापक होते, फुटबॉल क्लबचं कार्यालय बघणाऱ्या एक जणी होत्या, स्टेडियमची देखभाल पाहणारे एक जण होते, संघाबरोबर सतत दौऱ्यावर असणाऱ्या एक व्यवस्थापक होत्या. खेळ वेगवेगळे, पण एकमेकांच्या अडचणी ऐकताना प्रत्येकाला आपलीच संघटना दिसत होती.

सुरुवात व्याख्येने झाली नाही. मुख्य प्रशिक्षक असलेल्या मॅडमनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधली पुरुषांची ४ × १०० मीटर रिलेची अंतिम शर्यत लावली आणि बॅटन बदलण्याचे क्षण तेवढे पुन्हा पुन्हा दाखवले. जमैकाने सुवर्ण जिंकलं, त्यात नवल नव्हतं. त्यांच्यामागून ३७.६० सेकंदांत रौप्य घेतलं जपानने, आणि जपानच्या चौघांपैकी एकही जण तोवर शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत धावलेला नव्हता. अमेरिकेचे चौघेही दहाच्या आतले. तरी ते जपानच्या मागे राहिले, आणि पहिलीच अदलाबदल नियमबाह्य झाल्याने बादही ठरले.

जपानी संघ बॅटन खालून देतो. त्यासाठी दोघांना एकमेकांच्या जास्त जवळ यावं लागतं, म्हणजे हात लांबवून देताना जे थोडंसं अंतर वाचतं त्यावर पाणी सोडावं लागतं. पण घेणाऱ्याला हात मागे उंच धरून धावावं लागत नाही, त्यामुळे त्याची लय मोडत नाही. हे समजून-उमजून निवडायचं, वर्षानुवर्षं घोटायचं आणि प्रत्येक अदलाबदलीला लागलेला वेळ मोजत राहायचं, असं काम त्यांनी केलं होतं. मॅडमनी विचारलं, "अदलाबदलीत वाचलेला हा वेळ चौघांपैकी कुणाच्या नावावर मांडाल?" कुणालाच उत्तर देता येईना. तो वेळ कुणा एकाचा नव्हताच. तो दोघांच्या मध्ये तयार झाला होता. मॅडम एवढंच म्हणाल्या, की पुढचं सगळं प्रशिक्षण या मधल्या जागेबद्दल आहे.

मग थोडा इतिहास आला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड विलेन्स्की यांनी १९६७ मध्येच संघटनात्मक बुद्धिमत्तेचा विचार मांडला होता. निर्णयाला लागणारी माहिती गोळा करणं, तिचा अर्थ लावणं आणि ती योग्य माणसापर्यंत पोहोचवणं हे संघटनेला जमतं का, हा त्यांचा प्रश्न होता. माहिती अडते किंवा वाकडी होते त्याची तीन कारणं त्यांनी दाखवली: अधिकाराची उतरंड, कामांची टोकाची विभागणी आणि सगळे निर्णय एकाच ठिकाणी एकवटणं. आमच्या क्षेत्रात तिन्ही एकत्र नांदतात. पदाधिकारी वर, प्रशिक्षक मध्ये, मैदानावरचे कर्मचारी खाली. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, पंच, साहित्यप्रमुख प्रत्येक जण आपापल्या खोलीत. आणि अखेरची सही एकाच टेबलावर.

कार्ल आल्ब्रेख्त या अमेरिकन व्यवस्थापन सल्लागारांनी पुढे या बुद्धिमत्तेचे सात घटक मांडले, आणि आमच्या प्रशिक्षणाचा सांगाडा त्यांच्यावरच उभा होता. धोरणात्मक दृष्टी, आपण सगळे एकाच नावेत आहोत ही भावना, बदलाची ओढ, कामात जीव ओतण्याची तयारी, नियम आणि रचना यांचा उद्दिष्टाशी मेळ, ज्ञानाचा वापर आणि प्रत्येकाने स्वतःवर घेतलेली चांगल्या कामगिरीची जबाबदारी. क्रीडा व्यवस्थापकांवर झालेल्या संशोधनातही याच सात घटकांची प्रश्नावली अनेकदा वापरली गेली आहे. सातही घटकांवर सारखाच वेळ दिला गेला, पण माझ्या मते मेळ आणि ज्ञानाचा वापर या दोहोंतच आम्हाला खरं काहीतरी सापडलं.

दृष्टीवरचं सत्र मला लांबलेलं वाटलं. ध्येयवाक्य लिहा, मग ते छोटं करा, मग आणखी छोटं करा, असं बराच वेळ चाललं होतं. त्यातून लक्षात राहिलं ते एकच उदाहरण. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या ब्रिटनच्या पुरुषांच्या आठ वल्हेकऱ्यांच्या संघाने प्रत्येक निर्णयाला एकच प्रश्न लावला होता: याने बोट जास्त वेगाने जाईल का? भिंतीवर टांगायच्या वाक्यापेक्षा असा प्रश्न कितीतरी उपयोगी. आमच्या स्पर्धा विभागासाठी मी तिथेच असा प्रश्न लिहून ठेवला: याने खेळाडूला वेळेवर, नियमानुसार आणि शांतपणे स्पर्धेत उतरता येईल का? हल्ली कुणी नवा फॉर्म काढायचा म्हटला की मी तो आधी या प्रश्नासमोर ठेवते. त्यानंतर काही फॉर्म बंदही झाले.

पहिलं घरचं काम होतं प्रश्नावलीचं. पदाधिकारी, प्रशिक्षक, वैद्यकीय चमू, पंच, साहित्य आणि मैदान कर्मचारी, स्वयंसेवक अशा सगळ्यांकडून ती निनावी भरून घ्यायची. नाव नसलं तरी गट लिहायचा होता, आणि त्या एका रकान्यानेच सगळं उघड केलं. संघटनेची सरासरी काढली तर प्रत्येक घटकाला मध्यम गुण होते, ना वाईट ना चांगले. गटवार मांडणी केल्यावर मात्र चित्र पालटलं. 'माझ्या कामासाठी लागणारी माहिती मला वेळेवर मिळते' या विधानाला पदाधिकाऱ्यांनी भरभरून गुण दिले होते आणि साहित्य कर्मचाऱ्यांनी जवळजवळ काहीच नाही. 'मला काही खटकलं तर मी बोलू शकतो' या विधानाला प्रशिक्षकांचे गुण चांगले होते, कनिष्ठ पंचांचे खूप कमी. मॅडमचा सल्ला असा, की सरासरीकडे बघूच नका, गटागटांतलं अंतर बघा. ज्याच्याकडे माहिती आपोआप चालत येते, त्याला ती दुसऱ्यांपर्यंत पोहोचत नाही याची कल्पना यायला वावच नसतो. प्रश्नावली भरून घेणाऱ्या प्रत्येक संघटनेला मी हेच सांगेन, की गटाचा रकाना ठेवा आणि गट इतका लहान ठेवू नका की माणूस ओळखू येईल. आमच्याकडे वैद्यकीय चमूत मोजकीच माणसं, म्हणून त्यांना आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञांबरोबर एकाच गटात घेतलं.

दुसरा टप्पा माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा होता. प्रत्येकाने आपल्या संघटनेत घडलेली एक घटना घ्यायची आणि त्यातली एकच माहिती धरून तिचा प्रवास भिंतीवर काढायचा. कोणी पहिल्यांदा पाहिली, कधी, कुणाला सांगितली, कशी सांगितली, कुठे लिहिली, कुठे थांबली. लांबलचक कागद भिंतीवर चिकटवलेला, वर तारखा आणि वेळा, खाली माणसं. माहिती तोंडी गेली तर तुटक रेघ, लेखी गेली तर सलग रेघ, आणि जिथे थांबली तिथे गोल. प्रश्न विचारायचा तो फक्त 'केव्हा कळलं', 'का नाही सांगितलं' नाही.

मी घेतलेली घटना आमच्या एका धावपटूची होती. त्याला २०० मीटर आणि रिले दोन्हींत उतरवलं होतं. २०० मीटरच्या वळणावरच मांडीच्या मागचा स्नायू धरला आणि तो थांबला. रिलेत राखीव खेळाडू घ्यावा लागला, ज्याने त्या चमूबरोबर बॅटनचा सराव फारसा केलाच नव्हता. वरवर पाहिलं तर दुखापत, म्हणजे नशीब. मी फोन करकरून एकेकाशी बोलले आणि कागद भरत गेला. मसाज करणाऱ्याला स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात तो स्नायू ताठ लागला होता, त्याने फिजिओला तोंडी सांगितलं होतं. फिजिओने आपल्या वहीत नोंद केली आणि वेगाच्या सरावात ताण कमी ठेवायचा सल्ला दिला. तो सल्ला धावपटूला दिला, प्रशिक्षकांना नाही, कारण त्या दिवशी प्रशिक्षक कनिष्ठ संघाबरोबर होते. खोलीतल्या जोडीदाराने त्याला रात्री बर्फ लावताना पाहिलं होतं. ताकदीचा व्यायाम करून घेणाऱ्या प्रशिक्षकांनी आपल्या तक्त्यात त्याचं वजन उचलणं कमी झाल्याचं लिहिलं होतं. आणि निवड समितीच्या टेबलावर काय होतं? त्याच्या मोसमातल्या सर्वोत्तम वेळा आणि प्रवेशिकेची अंतिम मुदत.

कागद पूर्ण झाला तेव्हा त्यावर बऱ्याच तुटक रेघा होत्या, सलग रेघा दोनच होत्या, आणि त्या दोन्ही वेगवेगळ्या वह्यांत संपत होत्या. एकानेही काम टाळलं नव्हतं. मसाजवाल्याने त्याचं काम केलं, फिजिओने त्यांचं केलं, निवड समितीनेही हाती असलेल्या माहितीवर योग्यच निर्णय घेतला. चार जणांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असलेली गोष्ट संघटनेला ठाऊक नव्हती. कागदासमोर उभं राहून मी हे सांगत होते तेव्हा जलतरण तलावाचे व्यवस्थापक शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले, "तुमचा स्नायू पुसा आणि तिथे माझ्या जलतरणपटूचा खांदा लिहा. बाकी काही बदलावं लागणार नाही."

इथेच आमच्यात वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. कुणीतरी सुचवलं, वैद्यकीय नोंदी सगळ्यांना खुल्या करा म्हणजे प्रश्न मिटला. दौऱ्यावर असणाऱ्या व्यवस्थापक बाईंनी ठाम विरोध केला. खेळाडूच्या शरीराची माहिती त्याची स्वतःची आहे, आणि ती निवड समितीपर्यंत जाते असं एकदा कळलं की तो फिजिओलाही खरं सांगणार नाही. मग आज कळतं तेवढंही उद्या कळायचं नाही. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मॅडमनी यावर जो मार्ग दाखवला तो साधा आहे: निदान सांगायचं नाही, उपलब्धता सांगायची. फिजिओने रोज प्रत्येक खेळाडूपुढे तीनपैकी एक खूण करायची: पूर्ण सराव, मर्यादित सराव, सराव नाही. 'मर्यादित' लिहिलं तर काय टाळायचं तेवढं एका ओळीत. का, ते नाही. ही खूण करण्याआधी खेळाडूला दाखवायची. निवड समितीला रोगाचं नाव लागतच नाही. तिला लागतो तो या घडीला हा खेळाडू किती भार घेऊ शकतो याचा अंदाज.

त्यानंतर आलं स्पर्धेनंतरच्या आढाव्याचं तंत्र. हे अमेरिकन सैन्याने १९७० च्या दशकात सरावानंतरच्या चर्चेसाठी विकसित केलं. चार प्रश्न असतात. काय घडायचं ठरलं होतं? प्रत्यक्षात काय घडलं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय करायचं? वाचायला इतकं सोपं, की त्यात शिकण्यासारखं काय असा प्रश्न पडेल. पण करून बघितलं की कळतं, माणसं पहिल्या दोन प्रश्नांवर थांबतच नाहीत. थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि कारण म्हणून एखाद्या माणसाचं नाव घेतात. म्हणून मॅडमनी नियम घातले होते. आढावा त्याच दिवशी, साहित्य गोळा होत असतानाच. सगळ्यात कनिष्ठ माणूस आधी बोलणार, प्रमुख सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेळेसकट लिहून झाल्याशिवाय तिसरा प्रश्न उच्चारायचा नाही.

आमच्या तुकडीतल्या एका सहभागीच्या संघटनेची स्पर्धा त्याच सुमारास होती. आम्ही निरीक्षक म्हणून गेलो आणि संध्याकाळी तिथल्या लोकांबरोबर आढाव्याला बसलो. सकाळी एक प्रकार घडला होता. मैदानावर विंड गेज, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, एकच होता. १०० मीटर आणि लांब उडी यांच्या वेळा वेगळ्या ठेवल्या होत्या, म्हणजे तोच गेज आधी धावपट्टीजवळ आणि मग उडीच्या खड्ड्याजवळ नेता आला असता. प्राथमिक फेऱ्या लवकर संपल्या म्हणून १०० मीटरची अंतिम शर्यत ठरल्यापेक्षा लवकर घेतली, आणि ती मुलींच्या लांब उडीच्या वेळेवर आली. गेज धावपट्टीवरच राहिला. नेमक्या त्या वेळात एका मुलीची फार सुंदर उडी पडली. मोजमाप झालं, क्रमांक लागला, पण वाऱ्याची नोंदच नाही. अनुकूल वारा सेकंदाला २ मीटरच्या आत होता हे दाखवता येत नसेल तर ती उडी विक्रमासाठी किंवा पात्रतेसाठी धरता येत नाही. तिला पुढच्या स्पर्धेची पात्रता गाठायची होती. ती दुपारभर टॉवेल डोक्यावर घेऊन बसून होती. तिच्या प्रशिक्षकांना काय सांगावं ते कुणालाच सुचत नव्हतं.

आढाव्यात पहिल्यांदा बोलली खड्ड्याजवळ वाळू सारखी करणारी स्वयंसेविका. ती म्हणाली, "गेज नाही हे मला दिसलं होतं. ताईंनाही दिसलं होतं." ताई म्हणजे उडीच्या मुख्य जज. त्यांनी शांतपणे सांगितलं की हो, त्यांच्या लक्षात आलं होतं. वेळापत्रक बदलल्याचा निरोप धावण्याच्या पंचांच्या मोबाइल गटावर गेला होता, मैदानी प्रकारांच्या गटावर नाही. त्यांना वाटलं, वरून कुणीतरी ठरवूनच गेज नेला असेल. आणि स्पर्धा थांबवली असती तर सगळं वेळापत्रक पुढे गेलं असतं. गेल्या खेपेला उशीर झाला म्हणून पंचांना ऐकून घ्यावं लागलं होतं.

इथे मॅडमनी फळ्यावर दोन रकाने केले. पहिल्यात लिहिलं: पुढच्या वेळी निरोप दोन्ही गटांवर पाठवणे. दुसऱ्यात लिहिलं: जिला दिसलं तिला थांबवावंसं का वाटलं नाही? संघटना कशा शिकतात याचे अभ्यासक ख्रिस आर्गिरिस यांनी १९७० च्या दशकात हाच भेद मांडला होता. चूक दिसली की कृती सुधारायची हे एक शिकणं, आणि त्या कृतीमागचा नियम किंवा समज तपासायचा हे दुसरं, जास्त खोलवरचं. निरोप दोन्ही गटांवर जाईल, पण वेळेत संपवणं हेच चांगल्या पंचाचं लक्षण अशी समजूत तशीच राहिली तर पुढच्या वेळी गेजऐवजी दुसरं काहीतरी सुटेल. त्या संघटनेने तिथल्या तिथे ठरवलं की नोंद अपुरी राहत असेल तर कोणताही मुख्य जज आपला प्रकार थांबवू शकेल, आणि त्यामुळे झालेल्या उशिराबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही. हे प्रमुखांनी सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं, आणि ताईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. हा निर्णय आणखी एक गेज विकत घेण्यापेक्षा मोठा आहे, असं मी मानते. गेजही घ्यावा, तो भाग निराळा.

याच संदर्भात व्यवस्थापनाच्या अमेरिकन अभ्यासक एमी एडमंडसन यांच्या संशोधनाची चर्चा झाली. १९९० च्या दशकात त्यांनी रुग्णालयांतल्या चमूंमध्ये औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चमूंत चुका कमी असतील ही अपेक्षा. नोंदी मात्र उलट सांगत होत्या, चांगल्या चमूंत चुकांचा आकडा जास्त होता. पुढे उलगडलं ते असं, की तिथली माणसं चुका लपवत नव्हती, बोलून दाखवत होती. हे ऐकल्यापासून स्पर्धेनंतर 'काहीही अडचण आली नाही' असा अहवाल आला की मला हायसं वाटत नाही. मी फोन उचलते आणि विचारते.

ज्ञानाच्या वापरावरचं घरचं काम माझ्या सगळ्यात आवडीचं. संघटनेत एकाच माणसाला येणारी गोष्ट शोधा आणि ती दुसऱ्या कुणाला येईल अशी सोय करा. मी थेट आमच्या साहित्य विभागातल्या काकांकडे गेले. ते लवकरच निवृत्त होणार आहेत. अडथळ्यांच्या शर्यतीची मांडणी ते एकटे बघतात. पुरुषांच्या ११० मीटर अडथळ्यांत पहिला अडथळा १३.७२ मीटरवर, मग दर ९.१४ मीटरला एक. महिलांच्या १०० मीटरमध्ये पहिला १३ मीटरवर आणि पुढे दर ८.५० मीटरला. हे आकडे पुस्तकात आहेत, धावपट्टीवर खुणाही असतात. पुस्तक उघडून कुणीही मांडणी करेल असं वाटतं. मी त्यांच्यामागे वही घेऊन फिरले तेव्हा वेगळंच दिसलं. उंची बदलली की ते प्रत्येक अडथळ्याच्या पायातलं वजन सरकवतात. नियम असा, की अडथळा पाडायला वरच्या पट्टीच्या मध्यावर किमान ३.६ किलोग्रॅमचा जोर लागला पाहिजे आणि ४ किलोग्रॅमहून जास्त लागता कामा नये. वजन चुकीच्या जागी राहिलं तर अडथळा एकतर फुंकर मारल्यासारखा पडतो, नाहीतर पायाला जबर लागतो. काका पट्टीच्या मध्यावर तळहात टेकवून हलकेच ढकलतात आणि हाताने ओळखतात. एका अडथळ्याजवळ ते थांबले आणि म्हणाले, "याचं वजन आपोआप सरकतं. आतला खटका झिजलाय. हा मी नेहमी कडेच्या लेनमध्ये शेवटी ठेवतो आणि शर्यतीआधी पुन्हा बघतो." ही गोष्ट दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. ते म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

आता प्रत्येक अडथळ्यावर क्रमांक रंगवला आहे, क्रमांकासमोर दुरुस्तीची नोंद आहे, आणि साध्या काट्याने जोर मोजून तोही लिहिला जातो. झिजलेला खटका बदलला. पण हाताने ओळखणं वहीत उतरत नाही, म्हणून साहित्य विभागातली दोन तरुण मुलं प्रत्येक स्पर्धेला काकांबरोबर मांडणी करतात. आधी मुलांनी ढकलून अंदाज सांगायचा, मग काट्याने मोजायचं, आणि अंदाज चुकला तर काकांनी पुन्हा हात धरून दाखवायचं. काका शिकवण्यात इतके रमले आहेत की वेळेआधीच मैदानावर येऊन थांबलेले असतात.

शेवटच्या टप्प्यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मधल्या एका लेखात मांडलेला एक सराव करून घेतला. येऊ घातलेली स्पर्धा पार फसली आहे असं धरून चालायचं आणि ती का फसली ते प्रत्येकाने एकट्याने लिहायचं. 'काय चुकू शकतं' असं विचारलं की लोक सावध उत्तरं देतात. 'चुकलंच आहे, कारण सांगा' म्हटलं की मोकळेपणाने लिहितात. आमच्या कार्यालयात मी हा प्रयोग केला तेव्हा सगळ्यात नव्या कारकून मुलीने लिहिलं होतं, की फोटो-फिनिशसाठी, म्हणजे अंतिम रेषेवरच्या छायाचित्रात खेळाडू ओळखू यावा म्हणून, कमरेला लावायचे लेनचे क्रमांक कॉल रूममध्ये (शर्यतीआधी खेळाडू जमतात त्या खोलीत) जुन्या यादीवरून वाटले गेले. आमच्याकडे यादी बदलल्यावर जुनी परत गोळा करायची पद्धतच नव्हती. आता प्रत्येक यादीवर छापल्याची वेळ येते आणि जुनी परत घेतल्याशिवाय नवी हातात दिली जात नाही.

काही उणिवाही सांगायला हव्यात. सातही घटकांची चौकट उद्योगांतून आलेली आहे. खेळात दर आठवड्याला निकाल लागतो आणि तो निकाल सगळ्यांची नजर बांधून ठेवतो. जिंकलेल्या संघाची ढिसाळ पद्धत कुणी तपासत नाही, हरलेल्याची चांगली पद्धतही मोडीत काढली जाते. निकाल आणि पद्धत वेगवेगळी कशी बघायची, यावर प्रशिक्षणात जेवढा वेळ हवा होता तेवढा मिळाला नाही. मी आता पदक मिळालेल्या स्पर्धेचा आढावाही न चुकता घेते, आणि अनुभव असा की अशा दिवशी लोक जास्त खरं बोलतात. दुसरी उणीव मोठी आहे. प्रमुख पदावरच्या माणसाला ऐकायचंच नसेल तर काय करायचं, याचं उत्तर या अभ्यासक्रमात नाही. माझ्या संघटनेत ऐकणारी माणसं आहेत म्हणून एवढं तरी करता आलं. तुकडीतल्या एका सहभागीने मांडलेला माहितीच्या प्रवासाचा कागद त्यांच्या अध्यक्षांनी न बघताच कपाटात ठेवून दिला. ते पुढच्या टप्प्याला आले तेव्हा फार खचले होते. अशा संघटनांमधून एकट्या व्यवस्थापकाला पाठवून उपयोग नाही, निर्णय घेणाराही सोबत हवा, हे मी अभिप्रायात स्पष्ट लिहिलं आहे.

आमच्याकडे उपलब्धतेचा तक्ता वरिष्ठ गटासाठी सुरू झाला आहे. रोज सरावाआधी फिजिओ खूण करतात, खेळाडू ती बघतो, मगच प्रशिक्षकांना दिसते. सुरुवातीला काही खेळाडू 'मर्यादित' या शब्दाला बिचकत होते, निवडीत मागे पडू अशी भीती. निवड समितीने लेखी कळवलं की एका दिवसाच्या खुणेवरून कुणालाही वगळणार नाही, तेव्हा ती बरीच कमी झाली. कनिष्ठ गटाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. वय लहान असल्यामुळे खूण आधी मुलाला दाखवायची की पालकांना, आणि पालकांनी ती बदलायला सांगितली तर फिजिओने काय करायचं, यावर वैद्यकीय चमू आणि प्रशिक्षक यांचं एकमत नाही. पुढच्या बैठकीला मी दोन्ही बाजूंना एकेक प्रत्यक्ष उदाहरण घेऊन यायला सांगितलं आहे, आणि कनिष्ठ गटातल्या दोन खेळाडूंनाही बोलावलं आहे.